जाळीवरचा मासा नेमका कुणी मारला?

प्रश्न असा आला आहे: "मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. सध्या पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्याच्या २० मेगावॉटच्या सहवीज प्रकल्पात पर्यावरण विभागात आहे. नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या, म्हणजे जॅकवेलच्या, जाळीवर मेलेले मासे सापडतात. गावातली भोई मंडळी म्हणतात, तुमच्या पंपानं मारले. आमचे इंजिनिअर म्हणतात, वरनं मेलेलेच वाहत येतात. साहेबांनी 'महिन्यातून एकदा मोज आणि रिपोर्ट दे' असं सांगितलंय. अमेरिकेत यासाठी नियम आहेत असं वाचलं. इथं कसं मोजू? जाळी बारीक केली तर भागेल का? आणि जिवंत सापडलेल्या माशांचं काय करू?"

महिन्यातून एकदाच मोजणार असाल तर मोजूच नका. चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण एकदा तो छापला गेला की दहा वर्षं तोच पुढच्या रिपोर्टात उतरवला जातो.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतोय. माझी पंचवीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांत इंटेकवर, म्हणजे पाणी आत घेण्याच्या जागी, येणारे मासे मोजण्यात गेली. आता निवृत्त होऊन कसबा बावड्यात असतो. पहिल्याच नोकरीत मी रोज सकाळी दहाला इंटेकवर जायचो, कारण जीप तेव्हाच मिळायची. जाळीवर दहा-बारा मासे दिसायचे. तेवढे मोजायचे, वजन करायचं, दिवसांनी गुणायचं, की रिपोर्ट तयार. आठ महिने असं चाललं. मग पावसाळ्यातल्या एका रात्री दोन वाजता कंट्रोल रूममधून फोन आला: जाळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याच्या पातळीत फरक वाढलाय, पंप बंद पडायच्या बेतात आहे. जाऊन बघतो तर कचऱ्याचा हौद मांदेली आणि कोळंबीनं काठोकाठ भरलेला. मी हबकलो. रात्रपाळीचा हेल्पर शांतपणे म्हणाला, "साहेब, एवढे नसतात, पण रात्री येतातच की. सकाळपाळी यायच्या आत आम्ही झाडून टाकतो." म्हणजे मी आठ महिने मासे मोजत नव्हतो, झाडून उरलेलं मोजत होतो.

तेव्हा पहिलं काम जाळीपाशी नाही, रात्रपाळीच्या माणसापाशी. त्याला चहा पाजा आणि विचारा: जाळी कधी साफ करता, निघालेलं कुठं टाकता, कुत्री-बगळे किती नेतात, कुणी वाट्याला घरी नेतं का? शेवटचा प्रश्न विचारताना तक्रारीचा सूर नको. चांगला मरळ सापडला तर तो कचऱ्यात जाणार नाही, हे कोल्हापुरात सांगायची गरज नाही. पण तोही नोंदीत यायला हवा.

आता मोजायचं म्हणजे काय. पाणी उचलण्याच्या जागी माशांचं नुकसान दोन तऱ्हांनी होतं. एक, मासा जाळीवर ओढला जातो, वेगाविरुद्ध पोहून दमतो आणि तिथंच चिकटून गुदमरतो. हे डोळ्यांना दिसतं. दुसरं, अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं जाळीच्या छिद्रातून सरळ आत जातात. पंपाचा मार, वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरची उष्णता आणि क्लोरीन यांतून जावं लागल्यावर फार थोडी वाचतात. कूलिंग टॉवरच्या प्रकल्पात तर पाणी फिरतच राहतं, त्यामुळे एकही वाचत नाही असंच धरायचं. हे नुकसान कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावर कधी गावसभेत भांडण होत नाही.

तुमचा प्रकल्प या चित्रात कुठं बसतो ते आधी आकड्यात बघू. समुद्राचं पाणी एकदाच फिरवून परत सोडणाऱ्या ५०० मेगावॉटच्या केंद्राला तासाला ढोबळमानानं ६० हजार घनमीटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागतं. कूलिंग टॉवर असला की फक्त बाष्प होऊन गेलेलं आणि क्षार वाढू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी भरून काढायचं असतं. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरची मर्यादा घातली आणि एकदाच पाणी फिरवणाऱ्यांना टॉवर बांधायला सांगितलं. समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांना पुढं त्यातून सूट मिळाली. हाच दर तुमच्या २० मेगावॉटला लावला तर तासाला ७० घनमीटर, दिवसाला १,७०० च्या आसपास. शिवाय उसातच सत्तर टक्क्यांच्या घरात पाणी असतं. गाळप चालू असताना कारखान्याला रसाच्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, मिळतं, त्यामुळे चांगला चालवलेला कारखाना नदीतून याहून कमी उचलतो.

तुम्ही ज्या अमेरिकी नियमाबद्दल वाचलंत तो त्यांच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यातल्या कलम ३१६-ब खालचा. जुन्या केंद्रांसाठीचा सध्याचा नियम २०१४ चा आहे. तो दिवसाला २० लाख गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ७,५०० घनमीटरपेक्षा, जास्त पाणी उचलायची क्षमता असलेल्यांनाच लागू होतो. तुमची दिवसाची गरज त्याच्या पावपटीतही नाही. आपल्याकडे तर या मोजणीसाठी तसा स्वतंत्र नियमच नाही.

आणखी एक तुलना करतो, ती इथल्या माणसाला चटकन समजते. २० मीटर उंचीवर पाणी चढवणारी दहा एचपीची मोटार तासाला सत्तर-ऐंशी घनमीटर पाणी देते. म्हणजे तुमच्या विजेच्या थंडाव्याला लागणारं पाणी हे एका बऱ्यापैकी बागायतदाराच्या मोटारीएवढं. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंत काठावर अशा मोटारी किती बसल्यात ते नदीकाठनं एकदा चालत जाऊन बघा. त्यांच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीवर काय मरतं, हे आजवर कुणी मोजलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण हा हिशेब भोई मंडळींच्या तोंडावर फेकून मोकळं व्हायचं नाही. पाणी एकूण थोडं असलं तरी तुम्ही ते कसं उचलता यावर मासा जगतो की मरतो ते ठरतं. समजा तुमचा जॅकवेलचा पंप तासाला ३०० घनमीटरचा आहे आणि दिवसाची गरज सहा तासांत उचलतो. सेकंदाला झाले ८३ लिटर. अमेरिकी नियमातला एक मार्ग असा आहे की जाळीच्या छिद्रातून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या फुटाच्या, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या, वर जाऊ द्यायचा नाही. तेवढा सांभाळलात तर बाकी फारसं सिद्ध करावं लागत नाही. ८३ लिटरला १५ सेंटिमीटरनं भागलं की साधारण ०.५६ चौरस मीटर मोकळी जागा लागते. जाळीत निम्मी जागा तारेनं खाल्लेली असते, म्हणून जाळी हवी सव्वा चौरस मीटरच्या आसपास. वर्गातल्या फळ्याहूनही लहान. फार खर्चाचं काम नाही.

गोम आहे ती जलपर्णीत. तिच्या मुळांनी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि नदीत सोडलेल्या निर्माल्यानं जाळीचा पाऊण भाग बुजला की उरलेल्या भागातून वेग चौपट होतो. कागदावर १५, प्रत्यक्षात ६०. बोटाएवढा मासा सेकंदाला आपल्या लांबीच्या दोन-चार पट अंतर टिकून पोहू शकतो असा एक ठोकताळा आहे. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या माशाला १५ चा वेग जेमतेम झेपतो, ६० चा झेपणं शक्य नाही. म्हणून मोजणीच्या वहीत माशांच्या आकड्याशेजारी 'जाळी किती बुजली होती' हा रकाना हवाच. मी पाहिलेल्या निम्म्या तरी इंटेकवर नुकसान कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय नवी जाळी नव्हता. लांब दांड्याचा दंताळा आणि तो दिवसातून चारदा चालवणारा माणूस एवढंच लागत होतं. वेग मोजताना मात्र कुठला मोजताय ते लिहा. जाळीच्या वीतभर आधीचा वेग आणि छिद्रातला वेग यांत सरळ दुपटीचा फरक पडतो, आणि दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आपल्या सोयीचा धरतात.

आता मूळ भांडण. मासा पंपानं मारला की मेलेलाच आला?

पंचगंगेत हे ठरवणं समुद्रापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण ही नदी स्वतःच मासे मारते. पाऊस संपला, बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले, पाणी थांबलं, त्यात सांडपाणी किंवा मळी मिसळली, की तेरवाड बंधाऱ्याकडे मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. असे मासे प्रवाहाबरोबर वाहतात आणि जिथं पाणी ओढलं जातं तिथं गोळा होतात. जॅकवेलची जाळी म्हणजे नदीचा झाडू आहे. तिच्यावर मेलेला मासा दिसला म्हणून तिनंच मारला असं धरणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. उलट, नदी खराब आहे म्हणून जाळीवरचा प्रत्येक मासा आधीच मेलेला होता असं लिहिणारा अधिकारीही मी पाहिलाय. त्याचा रिपोर्ट वाचून भोई मंडळी हसली नाहीत, चिडली.

माशाकडंच बघा, तो सांगतो. ताज्या मेलेल्याचे कल्ले लालभडक असतात, डोळा स्वच्छ आणि फुगीर असतो. आधीच मेलेल्याचे कल्ले फिके, तपकिरी किंवा चिखलट होतात, डोळा दुधाळ होऊन आत जातो, पोट फुगतं. दोन दिवसांचा असेल तर कापसासारखी बुरशी चढलेली असते. जिवंतपणी जाळीवर दाबला गेलेला मासा एका कुशीवर खरचटलेला असतो. तिथले खवले निघालेले असतात, कधी जाळीच्या चौकटींचे ठसेही दिसतात. मेल्यावर येऊन चिकटलेल्या माशाच्या कातडीखाली रक्त साकळलेलं सापडत नाही. पहिल्या आठवड्यात चुकाल, दुसऱ्या आठवड्यात हात बसेल.

मग आकार आणि जात. वेगानं मरणारे मासे मुख्यतः लहान आणि पोहण्यात कमजोर असतात. किलोभराचा रोहू १५ काय, ५० सेंटिमीटरच्या वेगालाही सहज दाद देत नाही. जाळीवर मोठे रोहू-कटला पडायला लागले तर पंपाकडे नंतर बघा, आधी वरच्या अंगाला काय झालं ते शोधा. ऑक्सिजन संपून मासे मेले असतील तर सहसा मोठे आधी मरतात आणि पहाटे मरतात, कारण रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन खर्च होत असतो. अशा वेळी मरळ आणि मागूर मात्र तगून असतात, कारण ते वर येऊन हवा घेऊ शकतात. मरळसुद्धा पालथे पडले असतील, लहान-मोठे सगळे एकदम आणि भरदिवसा मेले असतील, तर विषाचा संशय घ्या. तसं दिसलं की वेळ न घालवता पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. उद्या नेलेल्या नमुन्यात काही सापडत नाही. पाणी पुढं गेलेलं असतं.

मध्ये एक तिसरा प्रकार असतो आणि खरी गुंतागुंत तिथंच आहे. ऑक्सिजन कमी झाल्यानं गुंगलेला मासा. तो जिवंत असतो, पण वेगाला तोंड द्यायची ताकद उरलेली नसते. नदी चांगली असती तर तो जाळीतून निसटला असता; पंप बंद असता तर सकाळी ऊन चढल्यावर कदाचित सावरला असता. याला कुणाच्या खात्यावर मांडायचं? मी दोघांच्याही मांडत नाही. वहीत 'गुंगलेला' असा वेगळा रकाना करतो आणि त्यासमोर त्या वेळचा ऑक्सिजन लिहितो. लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलेला दिवस असेल तर वाचणारा काय ते समजतो. कारखान्याच्या वकिलाला हा रकाना आवडत नाही आणि गावालाही आवडत नाही, म्हणजे तो बहुधा बरोबर असावा.

यावर एक पक्की पडताळणी आहे. जाळीच्या वर दीडदोनशे मीटरवर नावेतून किंवा काठावरून तासभर वाहत येणारे मेलेले मासे मोजा, आणि त्याच तासात जाळीवर येणारे 'जुने मेलेले' मोजा. वरून काहीच वाहत नाही आणि जाळीवर लालभडक कल्ल्यांचे ताजे मासे येतायत, तर इंजिनिअर साहेबांचं म्हणणं टिकत नाही. वरून थवा वाहतोय आणि जाळीवरही तेच, तर भोई मंडळींना तुमच्याबरोबर नावेत बसवा. नाव त्यांचीच घ्या, त्यांना मजुरी द्या आणि वहीवर त्यांची सही घ्या. माशांची जात ओळखण्यात ते तुमच्या-माझ्या पुस्तकापेक्षा पुढं आहेत, आणि स्वतः मोजलेल्या आकड्याशी माणूस सहसा भांडत नाही.

मोजणीचा दिवस कसा असावा ते सांगतो. सुरुवातीला जाळी पूर्ण साफ करायची, आणि मग २४ तास, सहा-सहा तासांचे चार भाग. पहाट आणि संध्याकाळ वेगवेगळ्या भागांत येतील असं बघा. प्रत्येक भागाच्या शेवटी जाळीवरचं सगळं एका पाटीत काढायचं. जिवंत, जखमी, गुंगलेला, ताजा मेलेला, जुना मेलेला असं वेगळं करायचं. जात, लांबी, वजन. फारच झाले तर सगळ्यांचं एकत्र वजन करून त्यातल्या किलोभराची मोजदाद करा. पंप नेमका किती मिनिटं चालला हे लॉगबुकातून घ्या. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात आणि मग 'दिवसाला वीस मासे' असं लिहितात. पंप सहा तास चालला की वीस तास, यावर त्या वीसचा अर्थ बदलतो. आकडा नेहमी पाण्यावर मांडायचा: दर हजार घनमीटरला किती. मग पंप बदलला, पाळ्या बदलल्या तरी तुलना करता येते.

शून्य आलं तर शून्य लिहायचं. रकाना रिकामा ठेवला की वर्षभरानं कुणालाच कळत नाही, मासे आले नव्हते की मोजणारा आला नव्हता.

असे दिवस किती? मासे रोज थोडे थोडे येत नाहीत, झुंडीनं येतात. महिन्याचे सव्वीस-सत्तावीस दिवस दोन-चार, आणि एका रात्री पाचशे. महिन्यातून एकदा मोजलंत तर ती रात्र बहुतेक हुकेलच. आणि चुकून सापडलीच तर तिला तिसानं गुणून तुम्ही पंधरा हजार मासे मारल्याचं कबूल कराल. दोन्ही खोटं. म्हणून एरवी आठवड्याला एक दिवस, आणि ज्या दिवसांत काही घडणार हे आधीच ठाऊक असतं तेव्हा रोज: बरगे घातल्यानंतरचा आठवडा, गाळप सुरू होतानाचा, उन्हाळ्यात पाणी अगदी तळाला गेल्यावरचा, बरगे काढतानाचा आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर काठावरची घाण नदीत उतरते तेव्हाचा. बेरीज करताना हे दिवस वेगळे ठेवायचे. रोजच्या सरासरीत मिसळायचे नाहीत.

जाळीवर आलेला प्रत्येक मासा तुमच्या हाती लागतोच असंही नाही. काही तळाशी पडतात, काही बगळा नेतो. यासाठी एक सोपी युक्ती आहे. शंभर मेलेले मासे घ्या, शेपटीचा वरचा कोपरा कात्रीनं कापा आणि पंप चालू असताना जाळीसमोर सोडा. पुढच्या चोवीस तासांत त्यातले साठ परत मिळाले तर तुमची पकड साठ टक्के. मग मोजलेल्या प्रत्येक साठला शंभर धरायचं. हे वर्षातून तीन-चारदा करा. पहिल्यांदा केलं तेव्हा आमचे फक्त चाळीस आले होते. बाकीचे सायफनच्या खळग्यात साठत होते आणि त्या खळग्याचा पत्ता फक्त सफाईवाल्याला होता.

जिवंत सापडलेले सगळे वाचले असंही समजू नका. खवले गेलेला मासा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. म्हणून थोडे मासे हवा सोडलेल्या टाकीत ४८ तास ठेवून बघायचे. अमेरिकेतही असंच करतात. तिथल्या नियमातल्या एका पर्यायानुसार अडकलेल्यांपैकी मरणाऱ्यांचं वर्षाचं प्रमाण २४ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, आणि त्यात असे मागाहून मेलेलेही धरतात. मात्र शेजारच्या टाकीत पागनं (हातानं फेकायच्या जाळ्यानं) पकडलेले, जाळीला न लागलेले तेवढेच मासे ठेवा. नाहीतर तुमच्या टाकीतल्या हाताळणीनं मेलेले मासेही जाळीच्या नावावर जातील.

अंड्यांचं आणि पिल्लांचं बोलू. इथं साखर कारखाना एका अर्थी नशीबवान आहे. रोहू, कटला, मृगळ आणि नदीतले बरेच देशी मासे पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालतात. गाळप असतं दिवाळीच्या आगेमागे ते मार्च-एप्रिलपर्यंत. साठवलेल्या बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) सहवीज पुढं थोडी चालली तरी आषाढात बहुतेक ठिकाणी शांतता असते. जेव्हा नदी अंड्यांनी भरलेली असते तेव्हा तुमचा पंप सहसा बंद असतो. त्या काळात पाणी उचलणारे म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या योजना, आणि तेव्हा नदीला इतकं पाणी असतं की त्यांचा वाटा नगण्य ठरतो. अंडी पाण्यात सारखी मिसळलेली आहेत असं धरलं तर जेवढा हिस्सा पाण्याचा, तेवढाच अंड्यांचा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठतं तेव्हा तासाला सत्तर घनमीटर म्हणजे समुद्रातून तांब्याभर. २०१९ च्या महापुरात तर उपसा केंद्रंच पाण्याखाली होती, कोण कुणाला ओढणार!

उन्हाळ्यात हिशेब उलटा होतो. नदीचा प्रवाह जवळजवळ थांबतो, तेव्हा तुमचा हिस्सा वाढतो. पण त्या दिवसांत ज्यांची पिल्लं असतात त्यात चिलापी पुढं असते, आणि तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. मरळही पिल्लांचा थवा राखतो. वाहत जाणारी अंडी नसतील तर ओढली जाणार कुठून? तेव्हा जातीचा स्वभाव न बघता आकडे गोळा करण्यात अर्थ नाही. तरीही मार्च-एप्रिलमध्ये चार-सहा नमुने घ्या. पंपाच्या पुढच्या पाइपवर नळ बसवा आणि ते पाणी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक जाळीच्या पिशवीतून सोडा. पिशवी पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवलेली ठेवायची, नाहीतर धारेच्या मारानं पिल्लांचा चोथा होतो आणि मोजायला काही उरत नाही. एका नमुन्याला निदान पन्नास घनमीटर पाणी जाऊ द्या, मीटर लावून. सापडलेलं पाच टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवून विद्यापीठातल्या तुमच्या जुन्या विभागात घेऊन जा. तीन-चार मिलिमीटरच्या पिल्लाची जात ओळखणं हे एकट्यानं करायचं काम नाही.

लाखभर पिल्लं गेली असा आकडा आला तर घाबरू नका आणि कुणाला घाबरवूही नका. मादीनं आयुष्यात दोन लाख अंडी घातली आणि माशांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहिली, तर त्यातून मोठे होणारे सरासरी दोनच. म्हणजे लाख अंड्यांमागं एक मोठा मासा. याला समतुल्य प्रौढ मासे काढणं म्हणतात. पण अंडं नुकतं घातलंय की पिल्लू बोटाएवढं झालंय, यावर तो भागाकार शेकड्यांनी बदलतो, आणि इथंच सगळी भांडणं होतात. अमेरिकेत हडसन नदीवर साठच्या दशकापासून हेच चाललं. डोंगरावर पाणी चढवून वीज करायचा एक प्रकल्प आणि काठावरची वीजकेंद्रं पट्टेरी बास या माशाची किती पिल्लं मारतील, यावर दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं गणितं मांडली. काहींचं म्हणणं, उरलेल्यांना जास्त खायला मिळतं म्हणून तूट भरून निघते. इतरांचं म्हणणं, नाही निघत. शेवटी डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली. डोंगरावरचा प्रकल्प रद्द, टॉवर बांधायची सक्ती नाही, पण पिल्लांच्या हंगामात वीजकेंद्रांनी पाणी कमी उचलायचं. गणित सुटलं नव्हतंच. मला त्या तडजोडीतला शेवटचा भाग शहाणपणाचा वाटतो: नक्की किती मेले हे ठरत नसेल, तर ज्या महिन्यात मरतात त्या महिन्यात पंप कमी चालवा. तुमच्याकडे गाळपाचा हंगाम हे आपोआपच करतो.

जाळी बारीक करायची का? नुसती बारीक केलीत तर नुकसान वाढेल. छिद्र लहान म्हणजे मोकळी जागा कमी, वेग जास्त, आणि ती बुजतेही लवकर. शिवाय आधी जे पिल्लू आत जात होतं ते आता जाळीवर चिकटून मरेल. मरण्याची जागा बदलली एवढंच. बारीक करायची असेल तर क्षेत्रफळ तिप्पट करा. जागा असेल तर त्रिकोणी काटछेदाच्या तारेचा आडवा नळा मिळतो, तो प्रवाहाच्या दिशेनं बसवला की कचरा घसरून पुढं जातो. पण त्याला वाहतं पाणी लागतं. बरगे घातलेल्या बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यात तो बसवून पश्चात्ताप करणारे मी पाहिलेत.

मोठ्या केंद्रांवर जाळीचे पट्टे फिरते असतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या सरी वीजकेंद्रावर रिस्ट्रॉफ नावाच्या इंजिनिअरनं त्या पट्ट्यांना खालून पाण्यानं भरलेली पन्हाळी जोडली, म्हणजे मासा वर येईपर्यंत पाण्यातच राहतो, आणि मग हलक्या फवाऱ्यानं घसरून परत नदीत जातो. त्या आधी तो कचऱ्याबरोबर जोराच्या धारेनं हौदात फेकला जायचा. तुमच्या जॅकवेलला असलं यंत्र बसवायला सांगणारा सल्लागार आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. तुम्हाला दंताळा, मोठी जाळी आणि चोवीस तासांची पाळी पुरे.

जिवंत सापडलेल्यांचं काय? बादलीत नदीचंच पाणी घ्या, नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. ओल्या हातानं किंवा ओल्या फडक्यानं उचला, कोरड्या हाताला खवले चिकटून येतात. जाळीच्या वरच्या अंगाला सोडू नका, दमलेला मासा दहा मिनिटांत परत जाळीवर येतो आणि तुम्ही त्याला दुसऱ्यांदा मोजता. खालच्या अंगाला, निदान पन्नास मीटर पुढं, जिथं पाणी हलतंय आणि काठावर झाडाची सावली आहे अशा ठिकाणी सोडा. बंधाऱ्याच्या भिंतीवरून खाली फेकू नका. आणि सोडायची जागा रोज थोडी बदला. आमच्याकडे एकाच जागी सोडायचो, तर तिसऱ्या आठवड्यापासून बगळ्यांची रांग आमच्याआधी येऊन बसायला लागली होती.